मोआबची नेढी : सह्याद्रीत पाय तयार झालेल्यांसाठी वाळवंटातले एका दिवसाचे ट्रेक

रतनगडाच्या नेढ्यात बसून ज्यांनी भणाणता वारा खाल्लाय किंवा राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यात चढून फोटो काढलेत, त्यांना डोंगराला आरपार भोक असणं नवीन नाही. पण आपल्याकडे एखाद्या गडाला एखादं नेढं असतं आणि तेवढ्यावर तो गड मिरवतो. अमेरिकेच्या युटा राज्यात, मोआब गावाला लागून असलेल्या आर्चेस नॅशनल पार्कमध्ये अशी दोन हजारांहून जास्त नेढी नोंदवलेली आहेत. कुठल्याही एका दिशेने निदान तीन फूट उघडीप असली तरच ते भोक मोजणीत धरतात, म्हणजे किरकोळ भोकं यात नाहीतच.

डेन्वरला राहायला आल्यावर पहिल्याच जूनमध्ये मी तिथे गेले. तिथल्या डेलिकेट आर्च (आर्च म्हणजे कमान, आपलं नेढं) या नेढ्याचा ट्रेक जाऊन-येऊन तीन मैल, म्हणजे पाच किलोमीटरसुद्धा नाही; चढ दीडशे मीटरच्या आसपास. सिंहगड पायवाटेने चढतो त्याच्या पावपट! सकाळी अकराला, एक लिटरची बाटली हातात घेऊन निघाले. कातळाचा चढ अर्धा झाला तेव्हा डोकं ठणकत होतं, बाटली रिकामी होती आणि भर उन्हात अंगावर काटा येत होता. उन्हात थंडी वाजायला लागली की माघारी फिरायचं, एवढी अक्कल नशिबाने शाबूत होती. तीन मुलांना घेऊन उतरणाऱ्या एका बाईंनी अर्धा लिटर पाणी दिलं. नेढं त्या वेळी दिसलंच नाही.

पाय ठणठणीत होते. फसल्या त्या सह्याद्रीतल्या सवयी. त्यानंतर पाच-सहा वेळा जाणं झालं आणि कुठली सवय इथे चालते, कुठली घरी ठेवून यायची, हे हळूहळू कळलं. हा लेख त्या अंगाने लिहिलाय.

आधी खडक समजून घ्या

आपला काळा बसाल्ट लाव्हा थिजून झालेला. इथला लाल खडक म्हणजे वाळू. दाबाखाली घट्ट झालेली, चुन्याने सांधलेली, लोहाच्या गंजाने रंगलेली. त्याच्याही खाली, खूप खोल, मिठाचा प्रचंड थर आहे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र येऊन येऊन आटला, त्याचं ते मीठ. वर हजारो फूट खडक साचल्यावर हे मीठ दाबाखाली सरकायला लागलं. लोण्याच्या गोळ्यावर पाटा ठेवला की लोणी जिथे वाट मिळेल तिथून वर येतं, तसं. वरचा खडक फुगला आणि त्याला समांतर भेगा पडल्या. वड्यांच्या ताटात एकाच दिशेने सुरी फिरवल्यावर जशा पट्ट्या दिसतात, तशा लांबच लांब उभ्या भिंती तयार झाल्या.

मग पाण्याने काम हाती घेतलं. पावसाचं पाणी किंचित आंबट असतं, ते चुन्याचा सांधा विरघळवतं. हिवाळ्यात भेगेतलं पाणी गोठून फुगतं आणि खडकाचे पापुद्रे सोडवतं. भिंतीच्या पायाशी जिथे थर मऊ आहे तिथे कोनाडा पडतो, तो दोन्हीकडून खोल होतो आणि एक दिवस आरपार उजेड दिसतो. वाहता ओढा खडक फोडून जातो तेव्हा जे होतं त्याला इथे कमान म्हणत नाहीत, 'नॅचरल ब्रिज' म्हणतात. ते बघायचे असतील तर युटातच दक्षिणेकडे नॅचरल ब्रिजेस नावाचं वेगळं स्मारक आहे, 1908 पासूनचं.

हे सगळं सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. हा खडक अजून झिजतोय. 1 सप्टेंबर 1991 ला लँडस्केप आर्चच्या पोटातून साठ फूट लांबीची शिळा सुटली. खाली विसावलेले लोक कडकड आवाज ऐकून पळाले म्हणून वाचले. 2008 च्या ऑगस्टमध्ये वॉल आर्च नावाची मोठी कमान एका रात्रीत कोसळली. म्हणून कमानीवर चढायचं नाही, नाव असलेल्या कमानींवर चढायला बंदीच आहे. आणि पाऊस पडून गेला असेल तर खडकाच्या टोकावर किंवा पातळ कपारीवर भार द्यायचा नाही. ओली वाळूकातळ सुकीपेक्षा बरीच कमकुवत असते. पावसात ट्रेक करण्याची आपली हौस इथे बाजूला ठेवा.

कधी जायचं, कसं पोचायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. दिवाळीच्या आसपासचे दिवस माझ्या मते सगळ्यात छान: हवा कोरडी, दुपारही सुसह्य, नदीकाठचे कॉटनवुड पिवळेधमक. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत बारीक चावरी चिलटं असतात. ती कानामागे आणि केसांच्या रेषेत चावतात, खाज आठवडाभर जात नाही. उन्हाळ्यात पारा अडतीसच्या पुढे सहज जातो. जुलै ते सप्टेंबर दुपारनंतर वादळी पाऊस. तो तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही. दहा मैलांवर पडला तरी कोरड्या घळईत लोंढा येऊ शकतो. आकाश निळं आहे म्हणून घळईच्या तळाशी डबा उघडून बसू नका. हिवाळ्यात माणसं कमी, बर्फावर लाल कमानी अप्रतिम दिसतात, पण सावलीतल्या कातळावर बर्फाची काच धरते. बुटाला लावायचे काटे नसतील तर डेलिकेटच्या शेवटच्या टप्प्याचा नाद सोडा.

मोआब डेन्वरहून गाडीने साडेपाच-सहा तास, सॉल्ट लेक सिटीहून चारेक तास. उद्यानाचं फाटक गावाच्या उत्तरेला पाच मैलांवर. आत पेट्रोल नाही, हॉटेल नाही, साधं चहाचं टपरीवजाही काही नाही. टाकी आणि डबे गावातच भरून घ्या. पाणी व्हिजिटर सेंटरला आणि रस्त्याच्या शेवटी डेव्हिल्स गार्डनला मिळतं. मधल्या अठरा मैलांत नाही.

तिकीट गाडीमागे आणि सात दिवस चालतं. कॅन्यनलँड्स हे शेजारचं उद्यान वेगळं, त्याचं तिकीट वेगळं; दोन-तीन उद्यानं करणार असाल तर वार्षिक पास घ्या. 2026 पासून अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी या पासचे दर वेगळे आहेत, तेव्हा भारतातून आई-बाबा आले असतील तर पास कोणाच्या नावे घ्यायचा ते आधी ठरवा. 2022 पासून काही वर्षं गर्दीच्या महिन्यांत प्रवेशाची वेळसुद्धा आधी आरक्षित करावी लागत होती. हा नियम हंगामागणिक बदलत आलाय, म्हणून निघायच्या आठवड्यात उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाका. उद्यान चोवीस तास उघडं असतं आणि पहाटे सहाला आत शिरणाऱ्याला सहसा कसलीच अडचण येत नाही.

इथे सह्याद्रीतली एक सवय उपयोगी पडते. आपण रात्री निघून पहाटे पायथा गाठतो ना, तेच करा. सकाळचा ट्रेक दहाच्या आत आटपायचा, दुपार गावात झोपून काढायची, चारनंतर पुन्हा बाहेर. अमेरिकन पर्यटक निवांत नाश्ता करून नऊला निघतो आणि दहाला पार्किंग भरलेलं असतं.

पाणी आणि शिदोरी

सह्याद्रीत आपण घामाने निथळतो, म्हणून पाणी प्यायची आठवण राहते. इथे घाम दिसतच नाही. हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडतो, शर्ट कोरडाच. संध्याकाळी काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या मिठाच्या नागमोडी रेघा दिसतात तेव्हा कळतं, केवढं गेलं ते. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

माणशी दिवसाला चार लिटर हा इथला साधा हिशेब. डेलिकेटसाठी उन्हाळा नसला तरी दोन लिटर अंगावर हवेत. डेव्हिल्स गार्डनच्या पूर्ण फेरीला तीन-साडेतीन. शिवाय गाडीत पाच लिटरचा कॅन वेगळा, सावलीत, चादरीत गुंडाळून. वाटेत टाकं नाही, विहीर नाही, 'मामा, जरा पाणी देता का' म्हणायला वाडी नाही. पावसानंतर कातळातल्या खळग्यांत पाणी साठलेलं दिसेल. त्यात हात-पायसुद्धा बुडवू नका. त्या चार बोटं पाण्यात इवल्या कोळंबीसारखे जीव आपलं आख्खं आयुष्य उरकत असतात आणि आपल्या अंगावरचं सनस्क्रीन त्यांना बाधतं.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. मीठ गेलेलं असतं, ते परत आलं नाही तर मळमळतं, डोकं जड होतं, आणि माणूस आणखी पाणी पिऊन आणखी आजारी पडतो. इथे आपली शिदोरी बाजारातल्या गोडमिट्ट एनर्जी बारपेक्षा सरस. एक बाटली साधं पाणी, एक बाटली लिंबू-मीठ-साखर किंवा आमसुलाचं सरबत. दशम्या किंवा धपाटे, त्यावर शेंगदाण्याची चटणी; भडंग; शेंगदाण्याची चिक्की. दही, ओल्या नारळाची चटणी, मेयोनीजवालं सँडविच गाडीत तीन तास राहिलं की संपलं. केळं सॅकमध्ये लगदा होतं आणि त्याची साल तुम्हाला परतही आणावी लागते, कारण इथे साल कुजत नाही, नुसती वाळते.

उरलेल्या सॅकमध्ये: कडेकडेने सावली देणारी टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती नाहीतर पातळ शर्ट, गॉगल, ओठांना व्हॅसलीन (नाक फुटतं त्यालाही आतून तेच लावा), हेडटॉर्च, एक पातळ जाकीट. दिवस-रात्रीच्या तापमानात वीस-बावीस अंशांचा फरक पडतो. दुपारी भाजणारा माणूस सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात कुडकुडतो. फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नसते, नकाशा आधी उतरवून घ्या.

या कातळावर चालायचं कसं

इथल्या उघड्या कातळाला 'स्लिकरॉक' म्हणतात आणि नाव ऐकून माणूस घाबरतो. नाव घोड्यांमुळे पडलं. लोखंडी नाल त्यावर घसरायची. रबरी तळव्याला हा खडक पॉलिशपेपरसारखा धरतो. आपल्याकडे कातळटप्प्यावर आपण बोटांनी खाचा शोधतो, टाचा उचलून चवड्यांवर जातो. इथे उलटं करा: पूर्ण तळवा टेकवा, शरीर ताठ ठेवा, छोटी पावलं. उतरताना मागे रेलण्याचा मोह होतो आणि तिथेच पाय सुटतो. गुडघे वाकवून वजन तळव्यावर ठेवा. धोका दोनच गोष्टींचा, कातळावर सांडलेली सैल वाळू आणि ओल.

वाट शोधणं हा दुसरा फरक. मळलेली पायवाट ही आपली खूण. कातळावर वाट मळतच नाही, कितीही लोक गेले तरी. त्यामुळे दगडांच्या लगोऱ्या रचून ठेवलेल्या असतात, त्या बघत जायचं. एका लगोरीपाशी उभं राहून पुढची दिसल्याशिवाय हलायचं नाही. दोन मिनिटं शोधूनही नाही दिसली तर मागच्या लगोरीपर्यंत परत. स्वतःची लगोरी रचू नका. हौसेने रचलेल्या अशा एका लगोरीने मला एकदा कड्याच्या टोकाशी नेऊन सोडलंय.

आणि तिसरं, जे आपल्याला सगळ्यात जड जातं. चिखल आला, गर्दी आली की आपण वाटेच्या बाजूने गवतातून जातो. इथे वाटेबाहेरची माती जिवंत आहे. जवळ वाकून बघा: काळपट, खडबडीत, जळकी भाकरी कुस्करून पसरावी तसे उंचवटे. सूक्ष्म जीवाणू, शेवाळं आणि दगडफूल मिळून ते कवच विणतात. तेच वाळू धरून ठेवतं, पाणी मुरवतं, झुडपांना नत्र देतं. एक पाऊल पडलं की ते कवच मोडतं आणि पुन्हा धरायला अनेक दशकं लागतात. फोटोसाठी बाजूला व्हायचं असेल तर कातळावर व्हा, नाहीतर ओढ्याच्या कोरड्या वाळूत. 'एवढंसं काय होतंय' इथे खरंच होतं.

डेलिकेट आर्च

युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर असते ती हीच. उन्हाळ्यात पहाटे जा. बाकीच्या ऋतूंत सूर्यास्ताच्या अडीच तास आधी पायथ्याशी पोचा. सूर्यास्ताला गर्दी जास्त, पण कमानीवर प्रकाश तेव्हाच चांगला पडतो. जूनच्या संध्याकाळी मात्र नको, कातळ दिवसभर तापलेला तवा असतो.

गाडी वुल्फ रँचला लागते. तिथली लाकडी खोपटी जॉन वेस्ली वुल्फ या गृहयुद्धात लढलेल्या माणसाची. 1898 मध्ये ओहायोहून मुलाला घेऊन तो इथे गुरं पाळायला आला आणि 1910 पर्यंत राहिला. शौचालय इथेच काय ते आहे, पाणी नाही. छोटा पूल ओलांडला की डावीकडे एक फाटा फुटतो, तिथे खडकावर घोडेस्वार कोरलेले आहेत. यूट या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी कोरलेले. घोडे स्पॅनिश लोकांबरोबर आले, त्यामुळे चित्रं त्यानंतरची. हात लावू नका, बोटांचं तेल कोरीवकाम खातं.

पहिला अर्धा मैल रुंद, सोपी वाट. मग समोर एक लांबच लांब उघडा कातळ उभा राहतो आणि त्यावर मुंग्यांसारखी माणसं दिसतात. झाड नाही, कपार नाही, सावली शून्य. माझी पहिली खेप इथेच संपली होती. एका दमात चढू नका. दर दहा मिनिटांनी चार घोट, पाणी अर्धं संपलं की कुठेही असा, मागे फिरा. ही अट घरातल्या सगळ्यात हट्टी माणसाकडून पायथ्यालाच कबूल करून घ्या.

कातळ संपल्यावर वाट वळणं घेत दगडांतून जाते आणि शेवटच्या पावणेदोनशे-दोनशे मीटरला कड्याच्या पोटातून आडवी होते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उतार. दृष्टिभय असणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, वाट दोन माणसं शेजारून जातील एवढी आहे. मात्र लहान मुलाचा हात धरा आणि भिंतीकडची बाजू त्याला द्या. बर्फ असेल तर हाच टप्पा घात करतो.

भिंत संपते, तुम्ही कोपऱ्यावर वळता, आणि समोर एकदम ती. मोठ्या कातळी वाडग्याच्या काठावर एकटी उभी. उघडीप 46 फूट उंच, 32 फूट रुंद; एक पाय कमरेशी इतका बारीक झालेला की तो आजवर टिकलाच कसा, असं वाटतं. मागे ला साल पर्वत, मेपर्यंत बर्फ धरून. सूर्य खाली जाताना कमान आधी केशरी, मग कुंकवासारखी होते आणि वाडग्यातली शे-दोनशे माणसं कुजबुजायला लागतात. कमानीखाली उभं राहून फोटो काढायला अलिखित रांग असते. एक मिनिट घ्या आणि सरका. वाडग्याच्या आतल्या उतारावर बाटली ठेवू नका. माझ्या नवऱ्याची ठेवली तशी गडगडत गेली आणि सगळ्यांनी मान वळवून शेवटपर्यंत पाहिली.

उतरताना अंधार होईल. हेडटॉर्च इथे लागतो, फोनचा दिवा धरून कातळ उतरणं म्हणजे एक हात फुकट घालवणं.

डेव्हिल्स गार्डन

ट्रेकरांचं मन इथेच भरतं. रस्त्याच्या शेवटच्या पार्किंगपासून लँडस्केप आर्चपर्यंत जाऊन-येऊन दोन मैलांच्या आत, सपाट, कोणालाही जमेल. तीनशे सहा फूट लांबीची ही कमान उत्तर अमेरिकेतली सगळ्यात लांब. मध्यभागी इतकी पातळ की ताणलेल्या पापडासारखी. 1991 नंतर तिच्या खाली जायची वाट बंदच आहे, कठड्यापाशी थांबा.

तिच्यापुढे खरा ट्रेक. एका उभ्या भिंतीच्या पाठीवर कातळ चढायचा, मग उजवीकडे वॉल आर्चचा ढिगारा दिसतो. पार्टिशन आणि नवाहो या दोन कमानींचा फाटा चुकवू नका. पार्टिशनच्या सावलीत बसून दशमी खाण्यासारखं सुख या उद्यानात दुसरं नाही. कमानीतून खालचं सगळं खोरं दिसतं आणि गर्दी इथपर्यंत क्वचितच येते. पुढे डबल ओपर्यंत जाताना काही जागी भिंतीच्या माथ्यावरून चालायचं, दोन्हीकडे दरी. ज्यांनी तैलबैला किंवा हरिश्चंद्राचा कोकणकडा काठावरून पाहिलाय त्यांना विशेष वाटणार नाही, पण सोबत कोणी नवखं असेल तर लँडस्केपपाशीच विचारून घ्या. डबल ओ म्हणजे एकावर एक दोन कमानी, खालच्या छोटीतून आरपार जाता येतं. इथून आल्या वाटेने परत फिरलात तर एकूण चार-सव्वाचार मैल.

न फिरता प्रिमिटिव्ह ट्रेलने गोल पूर्ण केला तर बाजूच्या कमानींसकट सगळे मिळून जवळपास आठ मैल. ही वाट कमी मळलेली. लगोऱ्यांवर लक्ष ठेवावं लागतं, एक-दोन ठिकाणी बसून घसरत उतरावं लागतं. बहुतेक पत्रकांत नसलेली माझी सूचना: डबल ओला सकाळी नऊच्या आत पोचला नसाल तर ही फेरी सोडा. उरलेली वाट उन्हात आणि एकांतात आहे, तिथे पाय मुरगळला तर माणूस दिसायला तास लागू शकतो.

आई-बाबा सोबत असतील तर

विंडोज नावाच्या कमानींचा परिसर. डबल आर्च पार्किंगपासून दहा मिनिटांवर, शेवटच्या थोड्या दगडांआधी थांबलं तरी संपूर्ण दिसते. नॉर्थ आणि साउथ विंडोची मैलभराची फेरी सपाट आहे, सुरुवातीला काही पायऱ्या. सँड ड्यून आर्चची वाट दोन भिंतींमधल्या फटीतून जाते. तिथली वाळू सावलीमुळे गार असते, नातवंडं तासभर हलत नाहीत. डेलिकेट आर्च लांबून बघायचा खालचा पॉइंटही गाडीपासून शंभर पावलांवर.

माझी आई पाचवारी साडी आणि माझे जुने बूट अशा थाटात डबल आर्चखाली उभी राहिली, वर बघून म्हणाली, "हे पडत कसं नाही?" मी वॉल आर्चची गोष्ट सांगितली. तिने पदर खोचला आणि दहा पावलं मागे जाऊन उरलेला वेळ तिथूनच पाहिलं.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर

कोरोना आर्च उद्यानाबाहेर आहे, तिकीट नाही. नदीच्या उत्तरेकडून फुटणाऱ्या पोटॅश रस्त्याने सुमारे दहा मैल, मग जाऊन-येऊन तीनेक मैलांचा ट्रेक. सुरुवातीलाच रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात; मालगाडी क्वचित येते, पण बघून जा. वाटेत दोन ठिकाणी कातळावर आधाराला तारेचे दोर लावलेत, एका जागी पायाला खाचा खोदलेल्या आणि एक छोटी लोखंडी शिडी. आपल्या ट्रेकरांना यात घरच्यासारखं वाटतं. कमान 140 बाय 105 फुटांची, खाली झोपून वर बघायला मुभा आहे, आणि डेलिकेटच्या दहाव्या हिश्श्याइतकीही माणसं नसतात. कातळ पश्चिमेचं ऊन पितो, म्हणून सकाळचीच वेळ ठेवा.

मेसा आर्च कॅन्यनलँड्समध्ये. गावाहून पाऊण ते एक तास गाडी, पायी जेमतेम अर्धा मैल. ही कमान पठाराच्या अगदी कड्यावर आहे, पलीकडे सरळ दरी. अंधारात मुलांना पुढे धावू देऊ नका. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी पोचा, तरी तुमच्याआधी ट्रायपॉडची भिंत उभी असेल. त्यांच्याशी जागेसाठी भांडू नका, बाजूला उजवीकडे उंच खडकावर बसा. ऊन समोरून आल्यावर खालच्या लाल कड्यावर आपटतं आणि तो उजेड खालून कमानीच्या पोटाला लागतो. चुलीतल्या निखाऱ्यासारखी ती आतून धगधगते. वीसेक मिनिटांत रंग उतरतो, ट्रायपॉड मिटतात, गाड्या निघतात. थर्मासमधला चहा तेव्हा काढा.